एक्केचाळीस नंबरचा खडा

१

सकाळचा स्वयंपाक आटोपला, धोंडीची अंघोळ झाली, की अकराच्या सुमारास मी तिला कडेवर घेऊन महादेवरावांकडे जायची. आमच्या नंदनवन वस्तीतच, तीन गल्ल्या सोडून त्यांचं घर. तेव्हा, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, तिकडे घरं थोडी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. माझ्या सासूबाई, रुखमाबाई, त्यांच्याकडे पोळ्या करायच्या. त्यांनीच मला तिथे नेलं. महादेवरावांना डोळे चांगले असलेलं माणूस पाहिजे होतं.

ते दगडमातीच्या खात्यात मोठे अधिकारी होते. लढाईच्या आधी ब्रह्मदेशात होते, आणि तिथून पळून येताना कपडे सोडून बिस्किटांच्या डब्यात राळेचे खडे घेऊन आले. ऊद घालतो ती राळ नाही. माणूस नव्हता तेव्हाच्या झाडांची राळ, जमिनीत राहून राहून दगड झालेली. ते तिला तृणमणी म्हणायचे. मधाच्या रंगाचे त्रेसष्ट खडे, कोणी बोराएवढा, कोणी सुपारीएवढा, आणि प्रत्येकात मुंगी. झाडाचा चीक ओघळला, मुंगी चिकटली, वरून आणखी चीक आला, संपलं. त्या जातीच्या मुंग्या आता पृथ्वीवर कुठेच नाहीत. कोणती मुंगी कोणत्या जातीची हे लावायचं, असं त्यांनी पेन्शनीत गेल्यावर करायचं ठरवलं होतं. पण डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं आणि त्यांना उजेड-अंधार तेवढाच कळू लागला.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "सुईत दोरा ओवता येतो का?"

"ओवतो जी."

"शाळा?"

"सातवी पास आहो."

"पुरे. मुंग्यांना याहून जास्त लागत नाही."

काम असं, की मी भिंगाच्या यंत्राला डोळा लावायचा आणि दिसेल ते बोलायचं. ते खुर्चीत बसून विचारायचे. कमरेला गाठ एक की दोन? एक असेल तर चौथा प्रश्न, दोन असतील तर नववा. मिशीला कोपर आहे का? मिशीचे मणी किती? मोज, घाई करू नकोस. अशा प्रश्नांच्या वहीला ते किल्ली म्हणायचे, आणि ती वही त्यांना पाठ होती. प्रश्नाला प्रश्न लागत जायचा आणि शेवटी एका नावाशी थांबायचा. ते नाव मी पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहायची, खड्याचं चित्र काढायची, आणि खडा कपाटाच्या सपाट खणात कापसावर ठेवायची.

धोंडी खाली चटईवर असायची. तिच्या पायात चांदीचे वाळे होते, त्यांना बारीक घुंगरू. ती पाय झाडायची, वाळे वाजायचे. ती रडली की मला यंत्राशी बसल्या बसल्या पान्हा फुटायचा आणि पदर ओला व्हायचा. महादेवरावांना दिसायचं नाही, पण माझं बोलणं थांबलं की ते म्हणायचे, "जा, पाज तिला. ह्या मुंग्या कोट्यवधी वर्षं थांबल्यात, अजून पाव तास थांबतील."

मला ते घर आवडायचं. हे लिहून ठेवते.

२

धोंडी हे माझ्या मुलीचं खरं नाव नव्हतं.

तिच्या आधी मला मुलगा झाला होता. चार महिन्यांचा होऊन गेला. संध्याकाळी चांगला खेळत होता, सकाळी थंड. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. डॉक्टर काहीच म्हणाले नाहीत. म्हणून ही झाली तेव्हा सासूबाईंनी हिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवली आणि टाकलेली पोर उचलावी तशी उचलून घरात आणली. नाव ठेवलं धोंडी. दगड. दगडाकडे कोणी पाहत नाही. वर्ष सरलं की बारसं करायचं आणि तेव्हा खरं नाव ठेवायचं, तोवर खरं नाव कुणाच्या तोंडून निघायचं नाही. सासूबाई रोज सकाळी दारच्या निंबाखाली मुंग्यांना चिमूटभर कणीक घालायच्या, हा त्यांचा दुसरा नवस.

खरं नाव मी ठरवलेलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. फक्त अंघोळ घालताना, पाण्याच्या आवाजात, मी तिच्या कानाशी ते नाव घ्यायची. ती लगेच मान वळवायची आणि बोळकं पसरून हसायची. साडेतीन महिन्यांची असल्यापासून. दिवसातून तेवढं एकदाच.

ते नाव मी इथेही लिहिणार नाही.

३

चैत्र लागला होता. कूलर सुरू झाला होता, खोलीत वाळ्याच्या पडद्यांचा ओला वास भरलेला. एक्केचाळीस नंबरचा खडा यंत्राखाली ठेवला. हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा. आत एकच मुंगी, कुशीवर पडलेली, पाय पोटाशी घेतलेले, एक मिशी सरळ आणि उजवी मिशी वाकडी होऊन तोंडाशी आलेली. अंगठा चोखतात तशी.

"कमरेला गाठ?"

"एक."

"मिशीला कोपर?"

"नाही जी. नुसतीच वाकली आहे."

"परत पाहा." मी परत पाहिलं. पुढचे प्रश्न त्यांनी सावकाश विचारले, जबड्याचे, डोळ्यांचे, पोटाच्या कड्यांचे. मी सांगत गेले. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"किल्ली इथे संपली, मनकर्णा."

"म्हंजे माझं काही चुकलं का जी?"

"तुझं बरोबर आहे. हिला नाव नाही. आजवर जगात कुणी हिला पाहिलेलंच नाही. पहिली तू." ते खुर्चीत पुढे सरकले. "हिला नाव आता आपल्याला द्यायचंय."

मी हसून म्हटलं, "आमच्या धोंडीवानीच झालं म्हना," आणि त्यांनी विचारलं म्हणून सगळं सांगितलं, उकिरडा, सूप, वर्षाची मुदत. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "नव्या जातीला माणसाचं नाव देतात. बहुधा साहेबांची दिलेली असतात, गव्हर्नरांची. मला ते नकोय. जिने पाहिली तिच्या मुलीचं देऊ. खरं नाव काय ठरवलंयस?"

आता मी स्वतःला कितीदा विचारलं आहे, की कसं सांगितलंस. एक तर माझ्याकडे असं कुणी काही मागितलं नव्हतं. आणि दुसरं, खरं सांगायचं तर, मनात आलं की ज्याला डोळेच नाहीत त्याची नजर काय लागणार.

मी सांगितलं. भर खोलीत, मोठ्याने, पहिल्यांदा. चटईवर वाळे वाजत होते ते थांबले. मी पाहिलं, धोंडी माझ्याकडे बघत होती.

महादेवरावांनी जाड निबाच्या पेनाने, चाचपडत, मोठ्या अक्षरांत स्वतः कार्ड लिहिलं. नावाला मागे लॅटिनचं शेपूट जोडलं. मग कार्डावर फुंकर घातली.

४

दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी मी तिच्या कानाशी नाव घेतलं. ती पाण्याकडे बघत राहिली.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. परत घेतलं. तांब्या खाली ठेवला, पाणी थांबवलं, आणि घेतलं. तिने मान वळवली नाही.

मी वाटीवर चमचा मारला. ती दचकली. "धोंडे" म्हटलं, तर वळली, हसली. कान ठीक होते. मुलांचं असंच असतं, आज एक, उद्या एक. मी तिला पुसलं, पावडर लावली, काजळाची तीट लावली.

तिसऱ्या दिवशी मी नावच घेतलं नाही. घेतलं नाही म्हणजे कळणार नाही, असा हिशोब.

५

उन्हाळा वाढला तशी धोंडी शांत होत गेली. आधी रडणं कमी झालं. मग पाय झाडणं. बसवली की बसायची, निजवली की निजायची, जशी ठेवावी तशी. कुशीवर निजायची, पाय पोटाशी, उजवा हात वाकडा करून मूठ तोंडाशी. मी हात सरळ करायची. तो हळूहळू, पीळ सोडलेल्या दोरीसारखा, परत तिथेच यायचा.

अंगात ताप नव्हता. वजन ठीक होतं. दवाखान्यात नेली तर डॉक्टर तिच्या डोळ्यांत बॅटरी पाडून म्हणाले, "बाई, रडकं पोर घेऊन बायका येतात. तुम्ही शांत पोर घेऊन आलात."

नवरा, शालिकराम, एस.टी.त कंडक्टर. काटोलच्या गाडीवर ड्युटी. रात्री पायातले बूट काढत म्हणाला, "पोट्टी रडली तं काहून रडते म्हणतं. नाही रडली तं काहून नाही रडत म्हणतं. तुले पाहिजे तरी काय वं?"

"तिले पाहा ना तुम्ही एकदा. तिचा रंग पाहा."

"माह्यावर गेली असन." तो काळासावळा होता. हसला आणि पाणी प्यायला गेला.

तिचा रंग पिवळसर होत होता. काविळीचा नाही, डोळे पांढरे होते. खिडकीतून ऊन पडलं की तिच्या कानाच्या पाळीतून, बोटांच्या कडांतून आरपार यायचं, मधासारखं. सगळ्याच लहान मुलांच्या कानांतून ऊन दिसतं. मी शेजारणीच्या मुलाचे कान उन्हात धरून पाहिले. लाल दिसले.

आणि एक. उन्हाळ्यात आमच्या घरात मुंग्या खूप. दुधाचा थेंब सांडला की ओळ हजर. एकदा धोंडीने दूध ओकलं, चटईवर सांडलं, आणि मी पुसायच्या आधी फडकं शोधत होते तेव्हा पाहिलं. भिंतीकडून मुंग्यांची ओळ आली. दुधापाशी येण्याआधी वळली. चटईला चारी बाजूंनी वळसा घालून, दूध तसंच टाकून, दुसऱ्या भिंतीत गेली.

सासूबाईंना दाखवलं. त्यांनी हात जोडले. "पाहा वं, मी रोज कणीक घालतो त्याहिले. लेकराले डसत नाही. जाण आहे त्याहिले."

मी पण हात जोडले. काय करणार.

पुढच्या आठवड्यात महादेवरावांकडे काम चाललं असताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "आज मुलीला घरी ठेवलंस वाटतं?"

"नाही जी. इथंच आहे. चटईवर."

"अस्सं," ते म्हणाले. त्यांनी मान त्या बाजूला केली आणि बराच वेळ ऐकलं. "झोपलीय का?"

धोंडी टक्क जागी होती.

"हो जी," मी म्हटलं.

६

वाळे आता वाजत नसत. म्हणून जेव्हा वाजले तेव्हा मला लगेच कळलं.

दुपारचे दोन. महादेवरावांना खुर्चीतच डुलकी लागली होती. कूलरचं पाणी टपकत होतं, टेबलावरचा पंखा मान फिरवताना कट असा आवाज करायचा. मी पंचावन्न नंबरचं कार्ड लिहीत होते. खाली धोंडी, कुशीवर. आणि वाळे वाजले. फार बारीक. लांबून, किंवा कशाच्या तरी आतून. मी धोंडीच्या पायांकडे पाहिलं. पाय हलत नव्हते.

पंखा असेल. खणातली टाचणी असेल. मी पंखा बंद केला. मग पुन्हा वाजले, कपाटाच्या बाजूने.

मी उठले आणि एक्केचाळीस नंबरचा खडा काढला. मला माहीत होतं मी मूर्खपणा करते आहे. खडा यंत्राखाली ठेवला, शेजारी माझं चित्र ठेवलं. चित्रात उजवी मिशी तोंडाशी वाकलेली. मी तीनदा पाहून काढलेली.

खड्यात ती सरळ होती.

खडा उलटा ठेवला असेल. मी फिरवून पाहिला, चारी बाजूंनी. उजेडाने फसवलं असेल, म्हणून पडदा ओढला, मग उघडला. माझ्या श्वासाने काच धुरकट झाली, ती पुसली. पाय पोटाशी घेतलेले होते तेही आता तसे नव्हते. थोडे उघडले होते. पाळण्यात दिवसभर कोंबून ठेवलेलं पोर हातपाय ताणतं तसे.

मग मी ते केलं. हळू आवाजात म्हटलं, "मुंगी." काही नाही. माझं नाव घेतलं. काही नाही. सासूबाईंचं घेतलं. काही नाही. मग मुलीचं खरं नाव घेतलं.

माझी पापणी लवली असेल. तेवढ्यात जे झालं ते मी पूर्ण पाहिलं नाही. एवढंच, की आधी तिचं तोंड खिडकीकडे होतं आणि नंतर ते भिंगाकडे होतं.

मी मागे सरकले ती स्टुलावरून पडता पडता राहिले. पदराला हात लावला. पदर ओला होता. चटईवर धोंडी गप्प होती, रडली नव्हती, भुकेली नव्हती. मला पान्हा फुटला होता.

७

"ते नाव काढून टाका जी."

महादेवरावांनी मान वर केली. "का गं?"

मी खोटंच म्हटलं, "घरी सासूबाईले कळलं. त्या रागावल्या. वर्ष नाही झालं न."

"कार्ड फाडता येईल. पण लेख परदेशी मासिकाला गेला, मनकर्णा. महिना झाला. तुझ्या चित्राची नक्कलही गेली." ते समजावून सांगू लागले, प्रेमाने, मुलाला सांगावं तसं. "अजून छापला नाही, तोवर नाव कच्चं. छापून आला की पक्कं."

"पक्कं झाल्यावर मागं घेता येते का जी?"

"नाही. तोच तर आमच्याकडे कडक नियम आहे. एकदा दिलेलं नाव परत घेता येत नाही. खडा हरवला, जळाला, तरी नाव तिचंच. आणि एका जातीचं नाव दुसऱ्या कुणाला देता येत नाही."

"दुसऱ्या कुनाले म्हंजे?"

"दुसऱ्या मुंगीला गं." ते हसले. "अगं, चांगलं आहे. माणसं संपतील आणि तुझ्या मुलीचं नाव राहील."



मी म्हटलं, "त्याहिले चिठ्ठी लिहा ना जी, की छापू नका." ते म्हणाले, बघू, लिहू, आणि दोन दिवसांनी विसरले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला की मला पुढे बोलवलं नाही. त्रेसष्ट खड्यांत त्यांना तेवढं एकच नवीन मिळालं होतं.

मग मीच लिहिली. इंग्रजी मला पत्ता वाचण्यापुरतं येतं. टेबलावर मासिकाचा जुना लिफाफा होता, त्यावरचा पत्ता मी चित्र काढते तसा अक्षर अक्षर उतरवला. आत मराठीतच लिहिलं. साहेबांस नमस्कार. आमच्या मुलीचे नाव छापू नये. ते आमचे आम्हास पाहिजे आहे. ती अजून लहान आहे. खाली सही केली, मनकर्णा, इयत्ता सातवी पास.

पोस्टातला बाबू लिफाफा तोलत म्हणाला, "एवढ्या दूर कोण हाये वं बाई तुमचं?"

"मुलीचं काम आहे," मी म्हटलं.

८

पावसाळा गेला. धोंडी रांगली नाही. शेजारणी म्हणायच्या, कोणी लवकर रांगतं, कोणी उशिरा. तिची नखं मी आषाढात एकदा कापली ती परत वाढली नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बरं झालं, ओरबाडत नाही.

तिला पाजायला घेतलं की ती तोंड लावायची, पण ओढायची नाही. माझं दूध आटत चाललं होतं. फक्त महादेवरावांच्या खोलीत, कपाटाकडे पाठ करून बसलं की यायचं.

भाद्रपदात महादेवराव म्हणाले, दिवाळीनंतर सगळे खडे कलकत्त्याच्या संग्रहालयात पाठवायचे. पेट्या बनवायला टाकल्या आहेत.

त्या रात्री मला झोप आली नाही. खडा कलकत्त्याला गेला तर. कापसात, अंधारात, खिळे मारलेल्या पेटीत, दोन दिवसांच्या रेल्वेत. आणि मग कपाट, आणि कोणी नाही. मी खड्याचा विचार करत होते की मुलीचा, ते मलाच नीट सांगता येणार नाही.

घरात बाळंतपणाचा डिंक उरलेला होता, लाडवांसाठी आणलेला, बाभळीचा. त्यातला एक खडा मी निवडला. हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, मधाच्या रंगाचा. दुसऱ्या दिवशी तो कापसावर ठेवला आणि एक्केचाळीस नंबर कमरेला खोचून घरी आणला. जन्मात चोरी केली नव्हती. महादेवरावांनी सगळे खडे एकदा हाताने चाचपून पाहिले. डिंकाचा खडा त्यांनी गालाला लावला, जरा वेळ धरून ठेवला. मला वाटलं, आता कळलं. त्यांनी तो परत ठेवला आणि खण लोटला.

घरी मी खडा रुप्याच्या कुंकवाच्या डबीत ठेवला आणि डबी स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांच्या मागे. निदान दोघी एका छपराखाली, एवढाच विचार.

भाकरी थापताना मला मागून बारीक आवाज यायचा. मी भाकरी थापत राहायची.

९

बारशाच्या चार दिवस आधी महादेवरावांनी बोलावणं पाठवलं. टेबलावर पाकीट फोडलेलं होतं. गुळगुळीत कागदाच्या वीस प्रती, सगळ्या सारख्या. ते एका प्रतीवर बोटं फिरवत होते, जणू अक्षरं हाताला लागतील.

"वाच. माझ्यासाठी वाच."

पाचव्या पानावर माझं चित्र होतं. उजवी मिशी तोंडाशी. खाली तिरप्या अक्षरांत दोन शब्द. दुसरा शब्द मी एकेक अक्षर लावून वाचला. शेपटासकट.

"झालं पक्कं," महादेवराव म्हणाले. त्यांच्या आंधळ्या डोळ्यांत पाणी होतं.

पाकिटात आणखी एक कागद होता, टाचणी लावलेला, नीट घडी घातलेला. माझी चिठ्ठी. वर त्यांच्या यंत्रावर टंकलेली एक ओळ. महादेवरावांनी ती सकाळीच कुणाकडून तरी वाचवून घेतली होती. "ते विचारतात, ही कुठली लिपी, आणि हा मजकूर लेखात घ्यायचा राहिला का. काय लिहिलं होतंस?"

"काही नाही जी," मी म्हटलं.

मी एक प्रत घेतली आणि घरी आले. धोंडीला जिथे निजवली होती तिथे ती होती. तिच्यावर ऊन आलं होतं. मी तिला सावलीत घेतलं. ती हलकी लागली आणि, कसं सांगू, टणक.

१०

बारशाला माझी नणंद सिंधूताई काटोलहून आली, संत्र्यांची पिशवी घेऊन. आळीतल्या बायका आल्या. दिवसा तीन वाजता, अंगणात मांडव, पाळण्याला झेंडूची माळ. सासूबाईंनी धोंडीला नवं झबलं घातलं, टोपरं बांधलं. वर्षभर नवस सांभाळला होता, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं इतक्या त्या खूश.

"चाल वं वहिनी," सिंधूताई म्हणाली, "सांग आता नाव. वर्षभर पोटात धरून बसली. मावलं तरी कसं?"

"तिच्या पोटात काही राहते का," नवरा मागून म्हणाला. "हे एकच रायलं."

बायका हसल्या. सिंधूताईने कान माझ्या तोंडाशी आणला.

मी चार दिवस दुसरं नाव शोधत होते. एक साधं, कुणाचंही असावं असं नाव शोधून ठेवलं होतं. ते सांगितलं.

सिंधूताई पाळण्यात वाकली. कुर्रर्र केलं आणि ते नाव मोठ्याने धोंडीच्या कानात घातलं. बायकांनी सिंधूताईच्या पाठीत रिवाजाचे धपाटे घातले, हशा झाला. सासूबाई म्हणाल्या, "पाहा वं, रडली नाही. कशी शहाणी माझी माय."

धोंडी कुशीवर होती. मूठ तोंडाशी. डोळे उघडे, उन्हाकडे. तिच्या गालावर झेंडूची एक पाकळी पडली होती. सिंधूताईने ती काढायला हात लावला आणि हात जरा लवकरच मागे घेतला. साडीला पुसला.

मी घुगऱ्या आणायला म्हणून आत गेले.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बाहेरून गाणं येत होतं. मी परातीत घुगऱ्या काढल्या, खोबरं घातलं. मग फळीसमोर उभी राहिले. मी ठरवलं होतं की आजपासून ते नाव घ्यायचं नाही. आज बारसं झालं, आता हिचं नाव वेगळं, ते नाव कुणाचंच नाही. मी असं ठरवलं होतं.

मी ते नाव घेतलं. हळू. गाण्याच्या आवाजात, पूर्वी पाण्याच्या आवाजात घ्यायची तसं.

बाहेर पाळण्यात काही हललं नाही. पाळणा मला दारातून दिसत होता.

फळीवर डब्यांच्या मागे वाळे वाजले. भराभर, पाय झाडतात तसे. आणि मग त्याच्याही मागून एक आवाज आला, डासाएवढा, चढत जाणारा. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. भुकेचा होता.

"मनकर्णा," सासूबाईंनी अंगणातून हाक मारली, "पोट्टीले घे वं आता पाजाले. केव्हाची उपाशी असन."

मी परात खाली ठेवली. माझी नवी साडी पुढून पूर्ण भिजली होती.